गोजरबाईची मिटकी

गोजरबाईच्या परसात एक दगडी डोण होती. तिच्या सासऱ्याच्या काळी बैल त्या डोणीत पाणी प्यायचे. पुढे ती एका अंगाला तडकली, बैलही राहिले नाहीत आणि डोण नुसतीच पडून राहिली. आता तीत नदीची धुतलेली वाळू होती, वाळूवर ओलं शेवाळ होतं आणि शेवाळातून वर आलेली, जमिनीलगत पसरलेली हिरवी रोपं होती. प्रत्येक पानाच्या टोकाला शिंपल्यासारख्या उघड्या दोन पाकळ्या, कडेला पापणीच्या केसांसारखे दाते, आणि आतला रंग डाळिंबाच्या दाण्यासारखा तांबडा. माशी आत उतरली आणि जरा इकडून तिकडे फिरली की शिंपला मिटायचा. माशी कितीही धडपडली तरी मग तो उघडायचा नाही.

गोजरबाई त्या झाडाला मिटकी म्हणायची. त्याचं खरं नाव हॅनाबाईनं तिला कितीदा तरी सांगितलं होतं, पण ते तिच्या जिभेवर कधी बसलंच नाही.

पिंपळदरा हे गाव अकोले तालुक्याच्या डोंगरात, राजूरच्याही पलीकडे. तिथं मिशनचा एक लहानसा दवाखाना होता आणि तो चालवणारी नर्स म्हणजे हॅनाबाई. उंच, लाल चेहऱ्याची, पायात पुरुषी बूट घालणारी. गोजरबाई तिचा स्वयंपाक करायची. नवरा गेल्यावर पदरात मूलबाळ नाही, भाताचं एक खाचर आणि राहतं घर एवढंच होतं. दवाखान्यातल्या कामानं तिला आधार दिला. हॅनाबाई एकदा सुट्टीवर मायदेशी गेली आणि येताना ओल्या शेवाळात गुंडाळून मिटकीचे दोन-तीन कांदे घेऊन आली. तिच्या गावाकडच्या दलदलीत ही झाडं आपोआप उगवतात, असं ती सांगायची.

एकोणीसशे सत्तर सालच्या हिवाळ्यात दवाखाना बंद झाला. हॅनाबाई कायमची परत निघाली. निघताना तिनं मिटकी गोजरबाईच्या हवाली केली.

"गोजरबाई, हिला शेणखत घालायचं नाही. राख नाही. विहिरीचं पाणीसुद्धा नाही, फक्त पावसाचं," हॅनाबाई तिच्या पुस्तकी मराठीत म्हणाली.

"मंग मी करायचं काय हिचं?"

"काही नाही. उन्हात ठेवायची, बूड ओलं ठेवायचं आणि आपल्या कामाला लागायचं. फार माया केली तर ही मरते." मग तिनं गोजरबाईच्या हातावर हात ठेवला. "आणि गंमत म्हणून कुणाला पान मिटवू देऊ नका. एक पान थोड्याच वेळा मिटू शकतं. फुकट मिटून मिटून ते काळं पडतं."

गोजरबाईला ते पटायला वेळ लागला नाही. गावामागच्या डोंगरमाथ्यावरच्या सड्यावर, उघड्या कातळाच्या खाचेत, पावसाळ्यात तांबडी चिकट रोपं उगवायची आणि त्यांच्या अंगावर चिलटं चिकटून राहायची. लहानपणापासून तिनं ती पाहिली होती. त्यांना कोण खत घालतं? ती येतात आणि जातात. तशीच ही.

पहिल्या पौषात मिटकी सुकली, पानं काळी पडून शेवाळाला चिकटली. गोजरबाईनं हाय खाल्ली. पण हॅनाबाईचे शब्द आठवून तिनं काही केलं नाही, नुसती ओल राखली. फाल्गुनात शेवाळातून टाचणीच्या टोकाएवढं हिरवं वर आलं. त्या दिवशी ती उपाशीपोटी अंगणात बसून राहिली आणि कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत होती. हे तिनं एकाच बाईला सांगितलं, रंगुबाईला.

रंगुबाई म्हणजे तिची चुलत जाऊ. दोघी एकाच साली लग्न होऊन पिंपळदऱ्यात आल्या. दोघींची घरं भिंतीला भिंत लागून. एकीचं जातं बिघडलं तर दुसरीकडे दळण, एकीच्या चुलीत जाळ नसला तर दुसरीकडून निखारा. भाताच्या आवणीच्या दिवसांत दोघी एकाच इरल्याखाली उभ्या राहून भाकरी खायच्या. गोजरबाईच्या नवऱ्याला सर्प चावला तेव्हा राजूरपर्यंत डोलीबरोबर पळत गेली ती रंगुबाईच. ह्या बाईवर आपला भरवसा आहे का, असा प्रश्न गोजरबाईच्या मनात कधी आलाच नव्हता. आपल्या हातावर आपला भरवसा आहे का, असं कुणी स्वतःला विचारतं का?

आणि येसूचं सगळं रंगुबाईलाच माहीत होतं.

येसू गोजरबाईची लेक. चार वर्षांची होऊन गेली. भर श्रावणात तापानं फणफणली, नदी दुथडी वाहत होती, पलीकडे जाता येत नव्हतं. नवरा वैद्याला आणायला गेला तो पाणी ओसरायची वाट बघत अलीकडच्या काठावरच अडकून पडला. घरात मायलेकी दोघीच. येसू आईच्या मांडीवर होती. रॉकेलची चिमणी जवळच जळत होती, तरी ती म्हणाली, "आये, दिवा मोठा कर." गोजरबाईनं वात वर केली. "आजून मोठा," येसू म्हणाली. त्यानंतर ती काही बोलली नाही.

हे शेवटचं बोलणं गोजरबाईनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. त्याच्यानं ते सोसवलं नसतं. वर्ष लोटल्यावर एकदा नाचणी निंदताना, बांधावर बसल्या बसल्या तिनं ते रंगुबाईला सांगितलं. रंगुबाईनं तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं होतं आणि ती एक शब्द बोलली नव्हती. गोजरबाईला तेव्हा फार हलकं वाटलं होतं.

बहात्तर साली पाऊस रुसला. खाली देशावर तर विहिरींचे तळ उघडे पडले, माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. पिंपळदऱ्यातही भात पोटरीत वाळला. तरी डोंगरात थोड्याफार सरी पडल्या, आणि गोजरबाईनं पागोळीखाली रांजण लावून ठेवले होते. ते पाणी तिनं मिटकीपुरतं जपलं.

त्या दिवाळीला रंगुबाईचा भाऊ आला. त्याचं नाव श्रीमंत, राहणारा पारनेरकडचा. जत्रांमधून तंबू लावून फिरायचं हा त्याचा धंदा. त्याच्याकडे दोन तोंडांचं वासरू होतं, ते बघायला लोक रांगा लावायचे. चाऱ्यावाचून ते वासरू त्याच साली मेलं होतं. तंबू घडी घालून पडला होता. भाऊबीजेला आला तो तोंड पाडून.

"चल, तुला एक गंमत दाखवते," गोजरबाई त्याला म्हणाली. रंगुबाईचा भाऊ तो आपला भाऊ, असंच ती धरून चालायची. तिनं त्याला परसात नेलं. एक माशी येऊन बसली आणि पान मिटलं. श्रीमंत उकिडवा बसला होता, तो तसाच मागे सरकला.

"आक्का," तो म्हणाला, "हे मला द्या."

"येडा का काय! हे द्यायचं झाड न्हाई."

"जत्रेत लई चालंल बघा."

"चालंल, पन मरंल," गोजरबाई हसून म्हणाली. "ह्याला मानसांची गर्दी सोसत न्हाई." श्रीमंतही हसला. रंगुबाई दारात उभी होती, तिनं सगळं ऐकलं.

माघात संगमनेरहून निरोप आला. गोजरबाईचा भाऊ भाऊसाहेब सायकलवरून पडला होता, पाय मोडला होता, घरात करणारं कुणी नव्हतं. गोजरबाईला जायलाच हवं होतं. मिटकी तेव्हा नुकतीच जागी होत होती, बारीक बारीक कोंब फुटत होते. तिनं रंगुबाईला रांजण दाखवले.

"करायचं काईच न्हाई. डोणीचं बूड सुकलं की तांब्याभर वतायचं. बस."

"जा गं तू निवांत," रंगुबाई म्हणाली. "लेकरासारखं बघीन."

भावाचा पाय प्लास्टरमधून निघेपर्यंत गोजरबाई संगमनेरला राहिली. होळीच्या सुमाराला परत आली. एस्टीतून उतरून, डोक्यावर गाठोडं घेऊन, घरात न जाता ती सरळ परसात गेली.

डोण रिकामी होती. वाळूत खड्डे पडले होते, शेवाळाचे तुकडे इकडे-तिकडे विखुरले होते.

रंगुबाई मागून धावत आली. तिनं गोजरबाईला मिठीच मारली. "काय सांगू गोजरे तुला! सहादूच्या शेळ्या शिरल्या गं परसात. मी पान्याला गेलते. आले तर समदं खाऊन फस्त. एक पान न्हाई ठेवलं मेल्यांनी." आणि ती हुंदके देऊन रडायला लागली. तिला रडताना बघून गोजरबाईलाही रडू फुटलं. उलट तिनंच रंगुबाईची समजूत घातली. "जाऊ दे गं. तू तरी काय करनार."

पण सहादूला मात्र तिनं सोडलं नाही. सहादू म्हातारा, आळीच्या टोकाला राहणारा, गरीब माणूस, चार शेळ्यांवर त्याचं चालायचं. गोजरबाई त्याच्या दारात उभी राहिली आणि तोंडाला येईल ते बोलली. शेळ्या बांधता येत नसतील तर पाळू नयेत, परक्याच्या परसात चारून पोट भरता का, लाज नाही का. आळीतली माणसं ओट्यावर येऊन ऐकत उभी होती. सहादू खाली मान घालून ऐकत राहिला. त्यानं तोंडातून ब्र काढला नाही. तिला वाटलं, चूक त्याचीच, म्हणून गप्प आहे.

चैत्रात भावाचा पुन्हा निरोप आला. पाय बरा झाला तर प्रवरेकाठच्या देवीला जाईन, असा त्यानं नवस बोलला होता. तेवढ्या दुष्काळातही देवीची जत्रा भरली होती. भाऊसाहेब काठी टेकत चालला, गोजरबाई त्याच्या बरोबर. देवीचं दर्शन झालं, नारळ फुटला. परत येताना रेवड्यांच्या दुकानांपलीकडे एक तंबू लागला. त्याच्या दारावर कापडी चित्र टांगलेलं होतं. एका अक्राळविक्राळ झाडानं जबड्यात लहान मूल धरलेलं, मुलाचे पाय बाहेर लोंबत असलेले. कर्ण्यातून आवाज येत होता, "सैद्रीच्या डोंगरातली राक्षशीन! डोळ्यांदेखत जीव खाती!"

गोजरबाईला तो आवाज ओळखीचा वाटला, पण कुणाचा ते ध्यानात येईना.

"तू हितं सावलीत बस," ती भावाला म्हणाली, "मी आलेच."

तिकीट काढून ती आत शिरली. भर दुपारी तंबूत अंधार केला होता, मधे एक बत्ती पेटवलेली. बत्तीखाली तिवईवर लाल रंगवलेलं लोखंडी घमेलं. भोवती माणसांची ही गर्दी, बाया, पोरं, फेटेवाले म्हातारे. आत कसला तरी कुजका वास कोंडला होता. गर्दीतून वाट काढत ती पुढे सरकली आणि दोन माणसांच्या मधून तिनं घमेल्यात पाहिलं.

मिटकी होती ती. अख्ख्या जिल्ह्यात दुसरी कुठून येणार? पण गोजरबाईला ती ओळखायलाही कष्ट पडले. बहुतेक पानं काळी पडून लोळत होती. वाळूवर मिठाची पांढरी खरपुडी आली होती, खाऱ्या विहिरीचं पाणी घालत असणार. दोन-तीन पानांत मटणाचे तुकडे कोंबलेले, ते नासून त्यांना पाणी सुटलेलं. त्यातूनही एक-दोन शिंपले अजून उघडे होते. पुढे उभा असलेला माणूस खराट्याची काडी आत घालत होता. पान हळूहळू, जडपणानं, अर्धंच मिटलं. लोक चुकचुकले.

"दमलीया ती, सकाळधरनं खातीया," बत्तीमागून श्रीमंत म्हणाला. डोक्याला भडक फेटा, हातात वेताची छडी. "आता ऐका मंडळी, हिची कथा ऐका. कच्च्या काळजाच्या बायांनी भाईर जावं."

एकही बाई बाहेर गेली नाही.

"आमच्या डोंगरात एक माय हुती. तिची एकुलती एक लेक. चार वर्सांची. ही राक्षशीन उगवली तिच्या परसात. माय म्हनली, काय सुंदर झाड हाय, आनि हिला पानी घातलं. हिनं काय केलं? रातच्याला घरात शिरली आनि पोरीचं रगत पिऊ लागली. पोर तापली. सुकली. बाप वैदाला आनाया गेला तर नदीला पूर. घरात मायलेकी दोघीच."

गोजरबाईनं मान वर करून बत्तीमागे पाहिलं.

श्रीमंतानं आवाज बारीक केला, अगदी लहान मुलीसारखा. "आनि ती पोर मांडीवर पडल्या पडल्या म्हनती, आये, दिवा मोठा कर. मायनं दिवा मोठा केला. पोर म्हनती, आये, आजून मोठा! आजून मोठा!"

तंबूत कुणीतरी बाई मुसमुसायला लागली. एका म्हातारीनं पदर तोंडात घातला.

आपण पुढे कशा गेलो हे गोजरबाईला नंतर कधी आठवलं नाही. ती घमेल्यापाशी उभी होती एवढंच तिला कळलं. "ती पोर माझी हाय," ती म्हणाली. आवाज चिरका निघाला. "येसू नाव तिचं. ह्या झाडानं न्हाई मारलं तिला. तापानं गेली ती. हे झाड तवा हुतंच कुठं?"

श्रीमंतानं तिला ओळखलं. त्याचा चेहरा क्षणभर उतरला. गोजरबाईनं ते पाहिलं. पण तो तंबूवाला होता, सावरायला त्याला वेळ लागला नाही. त्यानं छडी तिच्याकडे केली आणि तो ओरडला, "बघा मंडळी! हीच ती माय! पोरीच्या दुःखानं भरमिष्ट झालेली! अजून ह्या झाडामागं फिरती!"

गर्दी पुढे लोटली. लोकांना तिला बघायचं होतं. एक बाई तिच्या पायाला लागली. दुसरीनं आपल्या कडेवरचं पोर पदराखाली घेतलं. कुणीतरी घमेल्यात नाणी टाकली. मागून एक जण म्हणाला, "नाटक हाय सगळं, पन करती झ्याक," आणि दुसरा हसला. गोजरबाईनं तोंड उघडलं, पण आता ती काहीही बोलली असती तरी तो खेळाचाच भाग झाला असता. ते तिला समजलं आणि तिनं तोंड मिटलं.

तिनं दोन्ही हात घमेल्यात घातले. वाळूत बोटं रुतवून, त्यातल्या त्यात जिवंत असलेला एक गड्डा मुळासकट उपटला. श्रीमंतानं तिचं मनगट धरलं.

"आक्का, तमाशा करू नका," तो दातांवर दात ठेवून पुटपुटला. "मी काय चोरलं न्हाई. ताईनं सोताच्या हातानं काढून दिलंय. तिलाच इचारा."

तिनं हिसका देऊन हात सोडवला आणि ती तंबूबाहेर पडली. उन्हात तिचे डोळे दिपले. भाऊसाहेबानं विचारलं, "काय गं, काय हुतं आत?"

"काई न्हाई," ती म्हणाली. "खोटं हुतं सगळं."

दुसऱ्या दिवशी ती पिंपळदऱ्याला पोचली. गड्डा तिनं ओल्या फडक्यात बांधून पदरात घेतला होता. रंगुबाई ओट्यावर वरई पाखडत बसली होती.

"आलीस? कशी झाली जत्रा?"

गोजरबाईनं फडकं सोडलं आणि तो गड्डा तिच्या सुपात टाकला. काळी पानं वरईवर पसरली. रंगुबाईचे हात थांबले. तिनं वर पाहिलं नाही.

"भाऊ हाय माझा," ती म्हणाली. "त्याचं वासरू मेलं. दारात येऊन बसला, म्हनाला, ताई, तंबूत ठिवायला काय न्हाई, पोरं घिऊन हिरीत उडी टाकू का? मी काय करायचं हुतं?"

"मागायचं हुतंस."

"तू न्हाई म्हनली असतीस."

"म्हनलेच असते."

"मंग?" रंगुबाई म्हणाली, जणू ह्या एका शब्दात सगळा हिशेब पुरा होत होता.

"आनि गळ्यात पडून रडलीस ती?"

"ते खरंच रडू हुतं गं. तुझं तोंड बघवंना मला."

गोजरबाई ओट्याच्या पायरीवर बसली. "बरं," ती म्हणाली. "झाडाचं जाऊ दे. येसूचं का सांगितलंस?"

रंगुबाई सुपातली वरई बोटानं सारत राहिली.

"बोल की."

"त्यानं इचारलं, ह्या झाडाची काय कथा हाय का. नुसतं झाड बघून मानूस तंबूत थांबत न्हाई म्हनाला, कथा लागती. मला दुसरं काय सुचंना."

"दुसरं काय सुचंना?"

"सुचंना गं! आनि त्याला ते लई आवडलं. ते दिव्याचं. ऐकून लोक रडत्यात म्हनाला." मग रंगुबाईनं पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्या पाण्याआड कुठेतरी रागही होता. "इस वर्सं झाली त्याला, गोजरे. कुनाचं काय गेलं त्यात? येसूचं नाव तरी घेतलं का त्यानं?"

गोजरबाई उठली. तिनं सुपातून गड्डा उचलला, त्याला चिकटलेले वरईचे दाणे झटकून परत सुपात टाकले आणि ती गेली.

ती गेली ती सहादूच्या दारात. म्हातारा शेळीला पाला घालत होता.

"सहादूबाबा, मी तुमच्यावर फुकट आळ घेतला. माझं चुकलं."

"ठावं हाय मला," सहादू म्हणाला.

"काय ठावं हाय?"

"रंगूचा भाव घमेलं घिऊन चालला हुता, ते पाहिलं मी. मी पाहिलं, शेजारच्या गोरक्षनाथानं पाहिलं. आळीत कुनाला ठावं न्हाई?"

"मंग त्या दिशी बोलला का न्हाई? एवढं मी बोलले तुमाला."

"बोलून काय हुनार हुतं बाई?" म्हाताऱ्यानं पाल्याची फांदी खुंटीला अडकवली. "तुझा तिच्यावर इश्वास. माझ्या चार शेळ्या, माझं कोन ऐकनार?"

त्या दिवशी गोजरबाईला आळीतून घरापर्यंत चालत जाणं जड गेलं. प्रत्येक ओट्यावर कुणी ना कुणी बसलेलं होतं. होळीला ती सहादूच्या दारात ओरडत होती तेव्हा हीच माणसं, ह्याच ओट्यांवर उभी राहून, सगळं माहीत असून ऐकत होती. तिला आता रंगुबाईपेक्षा त्या ऐकणाऱ्यांचीच जास्त लाज वाटायला लागली, आणि आपलीही.

गड्ड्याची सडलेली पानं तिनं कापून टाकली. आतला कांदा एका बाजूनं पांढरा, घट्ट होता. डोणीत तिनं तो लावला नाही. सड्यावर, कड्याच्या पोटाशी एक झिरा बारमाही पाझरायचा, दुष्काळातही तिथला कातळ ओला असायचा. तिथल्या शेवाळात तिनं तो कांदा खोचला आणि ती खाली आली. कुणाला काही सांगितलं नाही. आता सांगायला कुणी उरलंही नव्हतं.

झाडाचं दुःख तिला फार दिवस पुरलं नाही. तिला छळत होतं ते दुसरंच. येसूचा आवाज तिच्या कानात होता, वीस वर्षं तिनं तो सांभाळला होता. कधी आवणीत, कधी दळताना, मनात आणला की तो यायचा, अगदी तसाच, किंचित घोगरा, तापानं जड झालेला. जत्रेनंतर तिनं तो आठवून पाहिला तेव्हा तिला ऐकू आला तो श्रीमंताचा, बारीक केलेला, कर्ण्यातला. "आजून मोठा! आजून मोठा!" तिनं पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. लेकीचा आवाज काही परत आला नाही. माणूस एकदा मरतं, हे तिनं सोसलं होतं. हे कसं सोसायचं ते तिला कळत नव्हतं, आणि सांगायचं तर ज्या एका खांद्यावर डोकं टेकायची सवय होती तो खांदा तर भिंतीपलीकडेच होता. रात्रंदिवस त्या घरातली भांडी वाजलेली तिला ऐकू यायची.

पावसाळ्यानंतर तिनं खाचर वाट्यानं लावलं, घराला कुलूप घातलं आणि राजूरला मुलांच्या वसतिगृहात स्वयंपाकाचं काम धरलं. तिथली माणसं चांगली होती. पोरं तिला मावशी म्हणायची, भाकरीला दुसऱ्यांदा ताट पुढे करायची. तिचं बरं चाललं. फक्त ती कुणाला स्वतःबद्दल काही सांगत नसे. कुणी विचारलं, मावशी, तुम्हाला मूलबाळ? तर ती म्हणे, न्हाई.

दोन-तीन वर्षांनी एका सकाळी रंगुबाई वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात आली. हातात कुंकवाची पुडी आणि अक्षता. लेकीचं लग्न ठरलं होतं, आमंत्रण करायला आली होती. ती खूप वाळली होती. दारातच उंबऱ्याशी उभी राहिली, आत यावं की नाही हे ठरत नसल्यासारखी.

गोजरबाईनं पाट मांडला. "बसा," ती म्हणाली. "ऊन लई हाय. पानी घ्या."

रंगुबाई बसली नाही. "मला तुमी म्हनतीस?"

गोजरबाईनं चुलीवर चहाचं आधण ठेवलं. लग्न कुठं आहे, मुलगा काय करतो, हे तिनं विचारलं. रंगुबाईनं सांगितलं. श्रीमंत कुठं असतो हे तिनं विचारलं नाही, आणि रंगुबाईनं आपण होऊन सांगितलं की त्यानं तंबू कधीच मोडून टाकला, आता तो साखर कारखान्यावर जातो. गोजरबाईनं नुसती मान हलवली.

"गोजरे, एकदा तरी शिव्या घाल मला," रंगुबाई म्हणाली. "तोंडानं काई तरी बोल."

"चहा घ्या," गोजरबाई म्हणाली. "गार हुतोय."

रंगुबाईनं उभ्या उभ्याच चहा प्यायला. अक्षता तिनं पाटावर ठेवल्या, कुंकवाची पुडी मात्र तशीच हातात घेऊन गेली, विसरली असेल. गोजरबाईनं कप विसळून पालथा घातला आणि पीठ मळायला घेतलं. पोरांची जेवायची वेळ होत आली होती.